जामेच्या काठचं सावरगाव

सावरगावाचं नाव वर्षातून एकदा बातम्यांत येतं, ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपुरात मारबती निघतात त्याच दिवशी, जाम नदीच्या एका काठावर सावरगाव आणि दुसऱ्या काठावर पांढुर्णा उभं राहतं. सावरगावकरांनी पळसाचं झाड आणून सकाळीच पात्रात मधोमध रोवलेलं असतं, त्यावर झेंडा असतो. पांढुर्ण्याच्या गड्यांनी कुऱ्हाड घेऊन पाण्यात उतरायचं, झाड तोडायचं आणि झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. सावरगावनं त्यांना दगडांनी अडवायचं.

कथा अशी सांगतात, की पांढुर्ण्याचा एक मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला. नदीच्या मधोमध दोघांवर दोन्ही काठांवरून दगड आले आणि दोघंही तिथेच गेली. म्हणून सावरगाव आजही मुलीकडचं गाव. गोंड राजा जाटबाच्या काळातल्या लढाईशी या प्रथेचं नातं जोडणारीही एक कथा आहे.

दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. डोकी फुटतात, डोळे जातात. गंभीर जखमींना शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरला हलवावं लागतं. काहींनी जीवही गमावला आहे. प्रशासनानं जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू बाजूला पडले आणि हात पुन्हा दगडांकडेच गेले. पळस रोवावा, झेंडा न्यावा, संध्याकाळी दोन्ही काठांनी मिळून देवीची पूजा करावी, यात कुणाचंच नुकसान नाही. दगड मात्र थांबायलाच हवेत. एखाद्या घरच्या तरण्या पोराचा डोळा जावा, एवढी किंमत कुठल्याच नवसाची नसते.

या गावाचं उरलेलं वर्ष कापसाचं आणि संत्र्याचं. सातपुड्याच्या दक्षिण उताराखालचा हा पट्टा वरूड-काटोलच्या संत्रापट्ट्याला लागूनच आहे. बागेची पद्धतही तीच. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि पुढची काही वर्षं झाड नुसतं पोसायचं. हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मग पाणी सोडायचं, की जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो. त्याची फळं दिवाळीच्या आसपास उतरायला लागतात. पावसाळ्याच्या तोंडावर फुटणारा मृग बहार पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो. पोळ्याला बैल सजतात तेव्हा आंबियाची फळं हिरवीच असतात, आणि शेतकऱ्याच्या मनात एकच धास्ती असते, फळगळीची. सततची झड लागली की झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो. बाग उभ्यानं व्यापाऱ्याला दिली असेल तर पुढचा घोर व्यापाऱ्याचा; ठेवली असेल तर स्वतःचा.

माती, पीक, पोळा, घरातली बोली, सगळं नागपूरकडचं आणि राज्य मात्र मध्य प्रदेश, हे कोडं 1956 सालचं आहे. तोवर हा सगळा मुलूख एकाच राज्यात होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा-सौंसरची मराठी गावं त्याच्याबरोबर राहिली. तेव्हापासून इथला शेतकरी घरात मराठी बोलतो आणि तहसिलीत हिंदीत अर्ज करतो. सीमेपलीकडच्या सोयऱ्याचा सातबारा, याचा खसरा. सोयरिकी अजूनही वरूड, काटोल, नागपूरकडे होतात, आणि दुखणं वाढलं की गाडी नागपूरचीच धरली जाते.

ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सावरगावकराला कलेक्टर कचेरीसाठी आता छिंदवाडा गाठावं लागत नाही. जामेचा पूल ओलांडला की जिल्ह्याचं ठिकाण. अर्ज मात्र अजून हिंदीतच लिहावा लागतो.