बंद पडलेला जुना डोझर सुरू करताय? आधी तो थांबवायची सोय बघा

बीईएमएलचा जुना डी-८० डोझर भंगाराच्या भावात मिळाला, की नवखा माणूस नवी बॅटरी जोडून थेट सेल्फ मारतो. तिथंच चुकतं.

ब्लेड जमिनीला टेकलेलं हवं, नाहीतर खाली भक्कम ओंडके द्या. गिअर न्यूट्रल करा. ऑइल चेंबरचा नट जरा ढिला करा. पाणी तेलापेक्षा जड, ते आधी बाहेर येतं. पाणी निघालं तर ते कुठून शिरलं हे शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका. जुनं डिझेल काढा, फिल्टर बदला, एअर क्लीनरमध्ये उंदरांचं घरटं आहे का पाहा. मग पाना लावून इंजिन हातानं दोन फेरे फिरवा. जाम असेल तर जोर करू नका. नोझल काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा आणि काही दिवस थांबा.

खरा धोका पुढंच आहे. पडून राहिलेल्या डिझेल पंपाचा रॅक उघडाच अडकलेला असू शकतो. मग इंजिनाचा वेग वाढतच जातो, चावी फिरवून ते थांबत नाही. म्हणून स्टॉपचा दांडा मोकळा हलतो का तपासा. हवेचं तोंड बंद करायला जाड फळी जवळ ठेवा. तिथं हात कधीच लावू नका.

सुरू झाल्यावर काही सेकंदांत ऑइल प्रेशर आलं नाही, तर लगेच बंद करा.