गळ्याची जखम आणि कागदावरचे शब्द



मान, गळा, घसा आणि कंठ हे चार शब्द आपण घरात सहज एकमेकांच्या जागी वापरतो, आणि त्याने काही बिघडत नाही. परंतु धारदार वस्तूने जखमी झालेल्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘गळ्याला जखम’ एवढेच लिहिले गेले, तर जखम कातडीपुरती होती की श्वासनलिका उघडी पडली होती, हे पुढे कोणालाच समजत नाही. ही नोंद कशी असावी, तिच्यावरून रोगाचा संकेतांक कसा ठरतो आणि त्यावर काय अवलंबून असते, हे आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम शरीररचना पाहू. मानेच्या कातडीखाली प्लॅटिझ्मा नावाचा पातळ, पसरट स्नायू असतो. तो भेदला गेला, तरच शल्यचिकित्सक त्या जखमेला मानेची भेदक जखम म्हणतात. त्याच्या आत काही इंचांच्या जागेत स्वरयंत्र, श्वासनलिका, अन्ननलिका, अवटु ग्रंथी, मेंदूला रक्त पोचविणाऱ्या रोहिण्या, मोठ्या नीला आणि मज्जारज्जू यांची दाटी आहे. सोयीसाठी मानेचे तीन विभाग मानले जातात. छातीच्या वरच्या कडेपासून स्वरयंत्राखालच्या अंगठीसारख्या कूर्चेपर्यंत पहिला, तेथून जबड्याच्या कोनापर्यंत दुसरा आणि त्यावर कवटीच्या तळापर्यंत तिसरा. जखमेतून हवेचे बुडबुडे येणे, रक्ताची गाठ वाढत जाणे, श्वास घेताना घरघर होणे ही धोक्याची उघड लक्षणे होत. अन्ननलिकेची जखम मात्र प्रारंभी गप्प राहते. म्हणून ती तपासली की नाही, हेही लिहून ठेवणे अगत्याचे असते.

आता संकेतांकांकडे वळू. मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी फ्रान्सच्या झाक बर्तियों यांनी १८९३ मध्ये मांडली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मान्य झाली आणि अकरावी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तथापि आपल्याकडील विम्याच्या दाव्यांत व्यवहार दहाव्या आवृत्तीचाच आहे. तिच्यात मानेच्या उघड्या जखमेला ‘एस ११’ हा गट दिला आहे. स्वरयंत्र व श्वासनलिका गुंतली असल्यास एस ११.०, अवटु ग्रंथीसाठी एस ११.१, घशाची पोकळी व मानेतील अन्ननलिका यांसाठी एस ११.२. काहीच स्पष्ट नसेल तर एस ११.९. मुख्य कॅरॉटिड रोहिणी तुटली असेल तर एस १५.० हा वेगळा संकेतांक जोडावा लागतो. ‘गळ्याला जखम’ या दोन शब्दांना शेवटचा, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’ हाच संकेतांक मिळतो. संकेतांक देणारा कर्मचारी रुग्णाला पाहत नाही, कागद पाहतो. कागदावर नसलेली श्वासनलिका त्याने मनाने जोडणे हा नियमभंग ठरेल.

दुसरा संकेतांक जखम कशी झाली याचा असतो. धारदार वस्तूने दुसऱ्याने हल्ला केला असल्यास एक्स ९९, स्वतः इजा केली असल्यास एक्स ७८, आणि हेतू ठरविता येत नसेल तर वाय २८. अपघातासाठी पुन्हा निराळे गट आहेत. रुग्ण दगावला, तर मृत्यूच्या आकडेवारीत मूळ कारण म्हणून हाच बाह्य कारणाचा संकेतांक धरला जातो. याच जागी डॉक्टरांनी संयम पाळायला हवा. रुग्णाने किंवा सोबत्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहावे. आपला तर्क त्यात मिसळू नये. हेतू ठरविण्याचे काम तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे आहे.

शब्दांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. आपल्याकडील न्यायवैद्यकात धारेने कापलेली जखम आणि बोथट आघाताने फाटलेली जखम यांत काटेकोर भेद करतात. दुसरीलाच ‘लॅसरेशन’ म्हणतात. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात असलेल्या विस्तारित संकेतांकांत मात्र सुरीने कापलेली जखमही ‘लॅसरेशन’मध्येच मोडते. हैदराबादेत बसून अमेरिकी रुग्णालयांच्या नोंदींना संकेतांक देणाऱ्या तरुणांना ही सवय लागते. तोच शब्द येथील पोलीस केसच्या कागदावर उतरला, तर सुरीचा वार बोथट वस्तूचा मार ठरू शकतो.

शस्त्रक्रियेची नोंदही तितकीच मोलाची आहे. श्वासमार्ग मोकळा करण्यासाठी शल्यचिकित्सकाने मूळ जखमेतूनच नळी घातली किंवा जखम वाढविली, तर मूळ लांबी, बाजू, दिशा व खोली आधी लिहून ठेवली पाहिजे. अन्यथा शवविच्छेदन करणारा सहकारी डॉक्टरांचा छेद आणि हल्लेखोराचा वार वेगळे कसे करणार?

आपल्या बडोद्याला हा विषय परका नाही. उत्तरायणाच्या दिवसांत दुचाकीवरून जाणाऱ्यांच्या गळ्याला मांजाने होणाऱ्या जखमा आपण सारे जाणतो. राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या व तत्सम कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली. तरी जखमी येतच राहतात. दहाव्या आवृत्तीत मांजाला स्वतंत्र संकेतांक नाही, त्यामुळे या जखमा मोठ्या गटांत मिसळून जातात. डॉक्टरांनी ‘पतंगाचा मांजा, दुचाकी चालविताना’ असे स्पष्ट लिहिले, तरच पुढे कोणाला त्या वेचून मोजता येतील. बंदीचा उपयोग झाला की नाही, हे विचारायलाही आधी मोजदाद हवी.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे वैद्यकीय व्यवसायात आहेत त्यांना माझी विनंती एवढीच की, रात्रपाळीच्या घाईतही वेळ, बाजू, विभाग, खोली, गुंतलेले अवयव आणि जखमेचे साधन या सहा गोष्टी सुटू देऊ नयेत. श्वास आणि रक्तस्राव सांभाळणे अर्थातच प्रथम. पोलिसांच्या कागदासाठी उपचार थांबवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. इतरांनी हे ध्यानात ठेवावे: मानेत रुतलेली वस्तू उपसू नका, रक्त येणाऱ्या जागी स्वच्छ कापडाने दाब द्या, पण मानेला आवळून पट्टी बांधू नका. रक्ताळलेले कपडे धुऊ वा टाकू नका. ते रुग्णालयात सोबत न्या. घरी परतताना डिस्चार्ज कार्डावर कोणता अवयव जखमी झाला होता ते लिहिले आहे का, हे पाहून घ्या. पुढे आवाज बसला किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर नव्या डॉक्टरांच्या हाती पहिला दुवा तोच कागद असेल.