दवाखान्यातला फ्रीज बघितलात का?

पुण्या-मुंबईतच नव्हे, आता तालुक्याच्या गावीही 'पेट क्लिनिक'च्या पाट्या दिसतात. काचेचा दरवाजा, भिंतीवर लॅब्रॅडॉरचा हसरा फोटो, फळीवर खाद्याची रंगीत पाकिटं. घरात कुत्रं किंवा मांजर आलं की यातली एक पाटी निवडावी लागते. माणसं ती निवडताना जे पाहतात, त्यातल्या निम्म्या गोष्टींचा उपचाराशी काडीचाही संबंध नसतो.

'सुई टोचता येते तो डॉक्टर' हा सर्वांत जुना समज. पिल्लू विकणारा, पेट शॉपचा मालक, कुत्र्यांना शिकवणारा ट्रेनर, असे अनेक जण बिनदिक्कत लसी टोचत असतात. कायदा मात्र स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाचा व्यवसाय करायला मान्यताप्राप्त पदवी आणि परिषदेकडे नोंदणी, दोन्ही लागतं. ही पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. पदविका घेतलेल्यांना किरकोळ सेवा देता येतात, पण नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. आपल्याकडे ही नोंदणी महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषद करते. तिचा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर किंवा शिक्क्यावर असतो. तो विचारण्यात संकोच कसला? आणि विचारल्यावर कोणी चिडलं, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

'लस काय, कुठेही टोचली तरी सारखीच.' बाटली तीच असते हे खरं, पण ती बाटली दवाखान्यापर्यंत आणि दवाखान्यात कशी राहिली यावर सगळं अवलंबून असतं. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते. मे महिन्याच्या दुपारी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आलेली लस टोचली, तर लसीच्या पुस्तिकेत नोंद होते, संरक्षण मिळेलच असं नाही. रेबीजची लस गोठली तरी वाया जाते, म्हणून बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवणंही चूकच. तेव्हा लसींचा फ्रीज वेगळा आहे का, त्यात तापमापक आहे का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का, हे बघावं. जेवणाच्या डब्याशेजारी लस ठेवणाऱ्या दवाखान्याचा एसी कितीही गार असला, तरी उपयोग नाही. लस दिल्यावर बाटलीवरचं लेबल काढून पुस्तिकेत चिकटवलं जातं. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते. खाली तारीख, सही आणि शिक्का हवा.

याच्याच जोडीला आणखी एक समज: '४५ दिवसांचं पिल्लू घेतलं तेव्हाच विकणाऱ्याने सगळ्या लसी दिल्या होत्या.' एवढ्या लवकर सगळ्या लसी होऊच शकत नाहीत. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारद्रव्यं पिल्लाच्या अंगात काही आठवडे राहतात आणि लसीचा परिणाम खाऊन टाकतात. म्हणून पार्व्हो, डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची साधारण तीन महिन्यांना, मग बूस्टर. असं वेळापत्रक हातात लिहून देणारा डॉक्टर चांगला.

आता सर्वांत घातक समजाकडे येऊ. 'त्या डॉक्टरच्या एका इंजेक्शनात गुण येतो.' ही आपल्याकडची सर्वांत मोठी शिफारस असते. कुत्रं दोन दिवस जेवत नाही, अंग तापलंय. इंजेक्शन दिलं, संध्याकाळी ते उठून शेपूट हलवायला लागलं, घरचे खूश. पण स्टेरॉइडनेही असंच होतं. ताप उतरतो, भूक लागते, खाज थांबते, आणि मूळ आजार आत तसाच राहतो. त्वचेत डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे झाले असतील, तर स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबून तो आजार आणखी पसरतो. स्टेरॉइड वाईट नव्हे, काही आजारांत त्याला पर्याय नसतो. निदान न करता दिलेलं मात्र महागात पडतं.

गोचीड तापाचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात आणि त्यानंतर तर दवाखाने याच रुग्णांनी भरलेले असतात. गोचिडातून एर्लिकिया हा जंतू येतो, बबेसियाही येतो. वरून दोन्ही सारखेच: ताप, मरगळ, हिरड्या पांढऱ्या पडणं. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चालतं, बबेसियाला वेगळी औषधं लागतात. प्लेटलेट किती घसरल्या हे डोळ्यांनी कळत नाही. त्यामुळे रक्ताची तपासणी सांगितली की 'लुटायला बसलेत' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. जनावर स्वतःचं दुखणं सांगत नाही, ते रक्त, लघवी, एक्स-रे यांतूनच काढावं लागतं. अर्थात सरसकट सगळं पॅनेल लावणारेही आहेत. त्यांच्यासाठी एकच प्रश्न पुरतो: "डॉक्टर, या रिपोर्टवरून औषध बदलणार आहे का?" ज्याला कारण सांगता येतं, त्याच्याकडे तपासणी करून घ्यावी.

'कुत्र्याचा डॉक्टर म्हणजे मांजराचाही.' पदवी तीच असली, तरी मांजर म्हणजे लहान कुत्रं नव्हे. पॅरासिटामॉलची माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण त्याचं यकृत ते औषध पचवू शकत नाही. गोचिडांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं औषध मांजराला विषासारखं बाधतं. बोका वारंवार मातीत बसून कण्हत असेल, तर घरच्यांना ते बद्धकोष्ठ वाटतं. ती बहुधा तुंबलेली लघवी असते, आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मांजर पाळणाऱ्याने म्हणून आधीच विचारावं: इथे मांजरं किती येतात, बोक्याला कॅथेटर घालता का, भुंकणाऱ्या कुत्र्यांपासून वेगळं बसायची सोय आहे का?

सरकारी दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी, हाही गैरसमजच. श्रेणी-१ च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतो, आणि कुत्र्या-मांजरांवरही तिथे उपचार होतात. एक्स-रे किंवा शस्त्रक्रियेची सोय प्रत्येक ठिकाणी नसते, हेही खरं. अवघड रुग्णासाठी परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. परळचं महाविद्यालय तर १८८६ चं. 'हे माझ्याकडे होणार नाही, परळला न्या' असं वेळीच सांगणाऱ्या गल्लीतल्या डॉक्टरवर, सगळं इथेच करतो म्हणणाऱ्यापेक्षा मी जास्त विश्वास ठेवीन.

नसबंदीबद्दलही असेच गैरसमज आहेत. मादीची नसबंदी पोट उघडून करतात. भूल देताना वजन केलं का, ऑक्सिजन आहे का, भुलीवर लक्ष ठेवायला दुसरं माणूस आहे का, हे विचारायचंच. एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजापूर्वी नसबंदी केली, तर कुत्रीला पुढे स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी राहतो.

आणि रात्रीचं? चांगल्या दवाखान्यात रात्री कोणीतरी असतंच, असं गृहीत धरू नका. बहुतेक दवाखाने रात्री नऊ-दहाला बंद होतात आणि फोन उचलला जाईलच याची हमी नसते. मुंबईत २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं. मोठ्या शहरांत असे रात्रीचे पर्याय वाढताहेत, छोट्या गावांत नाहीत. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: रात्री दोनला श्वास लागला तर कुठे जायचं? तो पत्ता आणि नंबर लसीच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि रिक्षावाला जनावर घेतो का हेही आधीच पाहून ठेवा.