जाताना पाच डॉलर, येताना पाच रिंगिट: सिंगापूरकर खरेदीला मलेशियात का जातात?

सिंगापूरच्या वुडलँड्सहून शटल तेब्राऊ ही रेल्वे सुमारे पाच मिनिटांत मलेशियातल्या जोहोर बारूला पोहोचते. जातानाचं तिकीट पाच सिंगापूर डॉलर आणि परतीचं पाच मलेशियन रिंगिट. आकडा तोच, पण एका सिंगापूर डॉलरला तीनपेक्षा जास्त रिंगिट मिळतात. म्हणजे परतीचा प्रवास एक तृतीयांशाहूनही कमी पैशांत होतो.

रोज तीन लाखांहून अधिक लोक ही सीमा का ओलांडतात, याचं उत्तर याच फरकात आहे. मलेशियातले लोक जास्त पगारासाठी सिंगापूरला कामाला जातात. सिंगापूरकर किराणा, औषधं, चष्मा, केस कापणं किंवा नुसतं जेवण यासाठी जोहोर बारू गाठतात. सिंगापूरची महागाई सोसणाऱ्या बॅकपॅकरलाही ही एका दिवसाची सहल खुणावते. भारतीय पासपोर्ट असेल, तर मात्र निघण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी.

दोन्ही चलनांत इतका फरक कसा पडला?

दोन्ही देशांना जोडणारा साधारण एक किलोमीटर लांबीचा कॉजवे १९२४ पासून आहे. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळा झाला. त्यानंतरही काही वर्षं दोन्ही देशांची चलनं एकास एक दराने चालत होती. १९७३ मध्ये ही व्यवस्था संपली आणि पुढे सिंगापूर डॉलर महाग होत गेला.

हा फरक इतका मोठा आहे की, सिंगापूरने त्यासाठी वेगळा नियमच केला आहे. तिथली गाडी देशाबाहेर नेताना इंधनाची टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली असावी लागते. स्वस्त पेट्रोल भरायला कुणी पलीकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

दिवसभरात काय बघून होतं?

जोहोर बारूच्या रेल्वे स्टेशनला लागूनच सिटी स्क्वेअर आणि कोमतार जेबीसीसी हे मॉल आहेत. तिथून चालत तान हिओक नी या जुन्या रस्त्यावर जाता येतं. लाकडाच्या भट्टीत भाजलेला केळ्याचा केक विकणारी हिआप जू बेकरी याच भागात आहे. जवळच्या एका रस्त्याचं नाव चक्क ‘जालान धोबी’ आहे. काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं राजकालिअम्मन मंदिर आणि १९०० मध्ये पूर्ण झालेली सुलतान अबू बकर मशीदही शहरातच आहे.

परत येताना किती सामान आणता येतं?

४८ तासांच्या आत सिंगापूरला परतणाऱ्या पर्यटकाला १०० सिंगापूर डॉलरपर्यंतच्या नव्या वस्तूंवर कर लागत नाही. त्यापुढच्या किमतीवर ९ टक्के जीएसटी भरावा लागतो. मलेशियातून येताना दारूवर करसवलत मिळत नाही. सिगारेटला तर कुठूनही आणली तरी सवलत नाही. च्युइंगम आणि ई-सिगारेट आणायला बंदी आहे.

भारतीयांनी काय तपासायचं?

मलेशियाने भारतीय पर्यटकांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवसांसाठी व्हिसामुक्त प्रवेश दिला आहे. त्यामुळे जाताना अडचण येत नाही. अडचण येऊ शकते ती परतताना, कारण सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो. हा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर कॉजवे ओलांडताच तो संपतो. मग बॅग सिंगापूरच्या हॉस्टेलमध्ये, परतीचं विमान चांगी विमानतळावरून आणि प्रवासी मात्र मलेशियात, अशी वेळ येऊ शकते.

म्हणून ई-व्हिसावर ‘मल्टिपल जर्नी’ लिहिलंय का, हे आधी बघावं. ते नसेल तर जोहोर बारू प्रवासाच्या शेवटी ठेवावं आणि सामान घेऊनच मलेशियातून पुढे जावं.

याशिवाय मलेशियात शिरण्याआधीच्या तीन दिवसांत तिथलं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. सिंगापूरला परतताना तिथलंही अरायव्हल कार्ड पुन्हा नव्याने भरावं लागतं. दोन्ही मोफत आहेत, त्यामुळे पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहावं.

कधी निघावं?

सोमवार ते गुरुवार हे दिवस बरे. सकाळी कामगारांची गर्दी सिंगापूरच्या दिशेने असते आणि संध्याकाळी जोहोर बारूच्या. पर्यटकाचा प्रवास याच्या बरोबर उलटा होतो. शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी सिंगापूरकर मलेशियाकडे निघतात आणि रविवारी रात्री परततात. तेव्हा काही मिनिटांच्या अंतराला काही तासही लागू शकतात.

रेल्वेचं तिकीट मिळालं नाही, तर क्वीन स्ट्रीटहून १७० क्रमांकाची बस आहे. दोन्ही देशांच्या तपासणी नाक्यांवर सामानासह उतरावं लागतं. तपासणीनंतर त्याच मार्गाची पुढची बस पकडायची असते, त्यामुळे बॅग सीटवर ठेवून उतरू नये.

दोन्ही देशांमध्ये सुमारे चार किलोमीटरची नवी जलद रेल्वेही उभी राहत आहे. तिच्यात दोन्ही देशांची तपासणी गाडीत बसण्याआधी एकाच ठिकाणी होईल. रांगेतला वेळ त्यामुळे वाचेल, पण सिंगापूरचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर त्या गाडीनेही परत येता येणार नाही.