युवा खो-खोपटूंची भूमिका-निश्चिती : निकष व मर्यादा

प्रस्तावना :
अल्टिमेट खो-खो लीगसाठी जुलै २०२२ मध्ये पुणे येथे झालेल्या ड्राफ्टमधून सहा संघांनी खेळाडू निवडले. त्यामुळे महाराष्ट्राच्या मातीत वाढलेल्या या खेळात व्यावसायिक निवडीचा नवा मार्ग खुला झाला. अशा निवडीत ‘खेळाडू चांगला आहे’ एवढे प्रमाणपत्र पुरेसे ठरत नाही. आक्रमक, संरक्षक, अष्टपैलू की वजीर, हे सांगावे लागते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा निर्णय बहुधा महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकालाच घ्यावा लागतो. म्हणून त्याचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भूमिकांचे स्वरूप :
बास्केटबॉलमध्ये उंची व चेंडूवरील नियंत्रण यांवरून खेळाडूचे स्थान पुष्कळ अंशी ठरते. खो-खोमध्ये मात्र प्रत्येक संघ आळीपाळीने आक्रमण व संरक्षण करतो. त्यामुळे येथे भूमिका म्हणजे कायमचे स्थान नसून कौशल्याचा मुख्य भर होय. आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही. लीगमधील वजिराला ती मुभा असते. साहजिकच वजिरासाठी केवळ वेग पुरत नाही. थांबून वळण्याची क्षमता व क्षणात निर्णय घेण्याची सवय अधिक मोलाची ठरते. लीगच्या गुणपद्धतीत सूर मारून टिपलेल्या गड्याला अधिक गुण होते. २०२२ च्या अंतिम सामन्यात सूरज लांडे याच्या अखेरच्या क्षणांतील अशाच सुरामुळे ओडिशा जगरनट्सने तेलुगू योद्धाजवर ४६-४५ असा विजय मिळविला.

मूल्यमापनातील दोष :
१) शारीरिक वाढीचा भ्रम : शालेय स्पर्धांत लवकर वाढ झालेला मुलगा लांब हातांच्या बळावर गडी टिपतो व त्याच्यावर ‘आक्रमक’ असा शिक्का बसतो. पुढे इतरांची उंची वाढली की हे आधिक्य ओसरते. मात्र तोवर त्याचा संरक्षणाचा सराव मागे पडलेला असतो.
२) संदर्भहीन आकडे : पहिल्या तुकडीतील संरक्षकाला ताज्या दमाच्या आक्रमकांना तोंड द्यावे लागते. त्याची दीड मिनिटाची पळती व अखेरच्या तुकडीतील तेवढीच पळती समान मानता येणार नाही. तसेच खांबाजवळ बसणाऱ्यास खांबावर गडी टिपण्याची संधी अधिक मिळते. म्हणून केवळ बाद केलेल्या गड्यांची संख्या दिशाभूल करते.
३) मैदानाचा फरक : ग्रामीण खेळाडूंचा सराव बहुतांशी मातीवर होतो, तर लीगचे सामने मॅटवर झाले. मातीवर घसरून हुलकावणी देणाऱ्यास मॅटवर पावलांचा अंदाज नव्याने बांधावा लागतो.

उपाययोजना :
प्रत्येक सामन्याची साधी नोंदवही ठेवावी. तीत पळतीचा काळ, तुकडीचा क्रम, बाद होण्याचा प्रकार, बसण्याची जागा, मिळालेल्या संधी व त्यांपैकी साधलेल्या संधी नोंदवाव्यात. खेळाडूला साखळी व गोल अशा दोन्ही पळतींचा सराव द्यावा आणि आक्रमणात त्याची जागा बदलून पाहावी. एका गाजलेल्या सामन्यावरून निष्कर्ष न काढता किमान एका हंगामाच्या नोंदी पाहाव्यात. अठरा वर्षांपूर्वी शक्यतो एकच भूमिका पक्की करू नये.

निष्कर्ष :
जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या यशाने जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या आकांक्षा उंचावणे स्वाभाविक आहे. व्यावसायिक निवडीची संधी मात्र वारंवार येत नाही. चुकीच्या भूमिकेत सादर झालेला गुणी खेळाडू निवडसूचीत दुर्लक्षित राहू शकतो, आणि त्याची उणीव खेळात नव्हे तर आपल्या पारखण्यात असते. म्हणून भूमिका-निश्चिती हा शिक्षकाच्या अनुभवाइतकाच नोंदींच्या शिस्तीचाही विषय मानला पाहिजे.