सोसायटीचा कॉम्प्युटर बदलताना मेल, नंबर आणि तारखा कशा न्यायच्या



विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला. कारंजापासून अमरजापर्यंत आपल्या भागात ज्या सोसायटीकडे जुना कॉम्प्युटर आहे, तिच्यापुढे आता तो बदलायचा प्रश्न आहे. मशीन नवीन घेता येतं. पण तलावाच्या ठेक्याच्या नोटिशी, मत्स्यबीजाच्या पावत्या, खात्याशी झालेला पत्रव्यवहार जुन्यातच राहिला तर तो कुठून आणायचा? मत्स्य संपदा योजनेच्या अपघात विम्यात मृत्यू झाल्यास घरच्यांना 5 लाख रुपये मिळतात. त्या दाव्याचे कागद ज्या मेलवर आलेत तोच उघडेना, तर त्या माउलीने कुणाच्या दारात जायचं?

मेल, नंबर आणि कॅलेंडर एकाच कॉम्प्युटरवर दिसतात, म्हणून एकत्रच जातील असं वाटतं. तसं होत नाही. तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत. आणि त्याच्याही आधी बघायचं ते मेलचा पत्ता कुणाच्या हातात आहे.

2025 मध्ये केंद्र सरकारने आपल्या जवळपास 12 लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर नेले. तरी साहेबांचे पत्ते तेच राहिले, कारण पत्त्याचं नाव सरकारच्या मालकीचं होतं. मेल ठेवायचं गोदाम बदललं, दारावरची पाटी तीच राहिली. फुकटच्या मेलचं तसं नसतं. तिथे कंपनी बदलली की पत्ताही बदलतो. त्यात आपल्याकडे सोसायटीचा मेल बहुतेक वेळा सेक्रेटरीच्या मोबाईल नंबरवर काढलेला असतो. निवडणूक झाली, सेक्रेटरी बदलले, नंबर बंद पडला, तर पासवर्ड विसरल्यावर ओटीपी जाणार कुणाकडे? बंद नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्याच माणसाला देते, हे पण ध्यानात ठेवा. म्हणून काहीही हलवण्याआधी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन रिकव्हरी नंबर चालू आहे ना ते बघा, आणि पासवर्ड चेअरमन व सेक्रेटरी दोघांकडे राहू द्या.

आता मेल. तो जुन्या कॉम्प्युटरवर कसा येत होता त्यावर सगळं अवलंबून आहे. दोन पद्धती आहेत, आयमॅप आणि पॉप. आयमॅप म्हणजे मासळी तळ्यातच आहे, आपण काठावरून बघतोय. नव्या कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकला की सगळं परत दिसतं. पॉप म्हणजे मासळी काढून टोपलीत भरली आणि घरी नेली. तळ्यात काही उरलंच नसेल, तर टोपली हरवली की संपलं. ओळखायला सोपं आहे. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तेच खातं उघडा आणि तीन वर्षांपूर्वीचा एखादा मेल शोधा. सापडला तर निश्चिंत राहा. नाही सापडला तर तो फक्त त्या जुन्या डब्यात आहे, आणि दुकानदाराला फॉरमॅट मारू देऊ नका. आउटलुक वापरत असाल तर एक्स्पोर्ट करून पीएसटी फाईल काढा आणि पेनड्राइव्हवर दोन ठिकाणी ठेवा. जीमेल सोडून दुसरीकडे जायचं असेल तर गुगल टेकआउटवरून सगळा साठा मागवता येतो. तयार व्हायला वेळ लागतो आणि लिंक काही दिवसच चालते, तेव्हा आली की लगेच उतरवून घ्या.

जुनं खातं लगेच बंद करायची घाई नको. तिथे आलेला मेल आपोआप नव्याकडे जाईल अशी फॉरवर्डिंगची सोय लावा. मग मत्स्य खातं, बँक, विमा, एनएफडीपीची नोंदणी, ऑडिटर अशी एकेकाला नवा पत्ता कळवा. नुसतं कळवून भागत नाही, नव्या पत्त्यावर त्यांचा मेल आलेला बघा, मगच तो मोकळा समजा. निदान एक ठेक्याचं वर्ष जुनं खातं जिवंत ठेवा आणि मधूनमधून उघडा. दोन वर्षं कुणी हात लावला नाही तर गुगल खातं पुसून टाकू शकतं.

नंबरांची गोष्ट होडीवाल्या प्रत्येक घराला लागू आहे. आपल्या बाजूला एकाच फोनमध्ये गाववाल्यांची नावं मराठीत, ऑफिसचे साहेब कन्नडमध्ये आणि हैदराबादचा व्यापारी इंग्रजीत. ही यादी हलवताना व्हीसीएफ फाईल काढा. कॉन्टॅक्टच्या ॲपमध्ये एक्स्पोर्ट असं बटण असतं. काही जण सीएसव्ही काढतात आणि एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करतात. तिथे घोळ होतो. मराठी-कन्नड नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि 91 ने सुरू होणारा नंबर लांब आकडा समजून एक्सेल तो भलत्याच रूपात दाखवतं. सिमवर कॉपी करणं त्याहून वाईट. सिममध्ये लांब नाव मावत नाही, देवनागरी असेल तर आणखी कमी मावतं. मग "बर्फवाला भालकी" आणि "बर्फवाला हुमनाबाद" दोघेही नुसते "बर्फवाला" होऊन बसतात. हलवून झालं की जुन्या आणि नव्या फोनमधली एकूण नावं मोजून बघा. फरक दिसला तर काही नावं गुगल खात्यात नव्हती, फोनच्या पोटात होती.

कॅलेंडर आयसीएस फाईलने जातं. गुगल कॅलेंडरची ही फाईल मोबाईल ॲपमधून निघत नाही, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमधूनच काढावी लागते. नवीन ठिकाणी घातल्यावर मीटिंगची वेळ साडेपाच तास मागेपुढे दिसली तर टाइम झोन चुकलाय असं समजा, तो कोलकाता करा. तारखेने येणारे दिवस, म्हणजे 21 जानेवारीची अंबिगर चौडय्या जयंती किंवा 10 जुलैचा मत्स्य शेतकरी दिन, दरवर्षी बरोबर येतात. तिथीने येणारी गावची जत्रा मात्र "दरवर्षी" म्हणून लावलेली असेल तर पुढच्या साली चुकीच्या दिवशी दिसेल, ती हाताने घाला. ठेक्याच्या हप्त्याची आणि विमा नूतनीकरणाची तारीख नव्या फोनवर उघडून बघा, आठवणीची घंटा लागलेली आहे का तेही तपासा.

व्हॉट्सॲप यात कुठेच येत नाही. त्याचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो, आणि तो जुना फोन हातात असतानाच घ्या.