सहनिर्देशक बदल, सदिश क्षेत्रे व अवकल रूपे : यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशांच्या संदर्भात

प्रस्तावना :
2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांकरिता यूटीएम प्रक्षेप स्वीकारला. या प्रक्षेपात पृथ्वीचे 6 अंश रुंदीचे 60 पट्टे कल्पिले आहेत. त्यांपैकी 43 व्या व 44 व्या पट्ट्यांची सीमा असलेले 78 अंश पूर्व रेखावृत्त यवतमाळ जिल्ह्यातून जाते. पुसद, दिग्रस व उमरखेड 43 व्या पट्ट्यात, तर यवतमाळ, पांढरकवडा व वणी 44 व्या पट्ट्यात येतात. एकाच जिल्ह्यात दोन सहनिर्देशक पद्धती असल्याने रूपांतराचे नियम येथे व्यवहाराचा भाग ठरतात.

सदिशांचे रूपांतर :
या पट्ट्यांची मध्यवर्ती रेखावृत्ते अनुक्रमे 75 व 81 अंशांवर आहेत. सीमेवर 43 व्या पट्ट्याची जाळी-उत्तर खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस सुमारे 1.05 अंश, तर 44 व्या पट्ट्याची तेवढीच पश्चिमेस कललेली असते. खऱ्या उत्तरेकडे सेकंदाला 10 मीटर वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याचा पूर्व घटक पहिल्या जाळीत उणे 0.18, तर दुसरीत अधिक 0.18 येतो. वारा एकच आहे. बदलली ती मोजण्याची चौकट. सदिशाचे नवे घटक जाकोबी आव्यूहाने जुन्या घटकांना गुणून मिळतात.

अवकल रूपांचे रूपांतर :
अवकल रूपांचे घटक याच्या उलट, व्यस्त आव्यूहाच्या परिवर्ताने बदलतात. शुद्ध परिभ्रमणात हा भेद दिसत नाही. किलोमीटरऐवजी रेखांश घेतल्यास तो स्पष्ट होतो. यवतमाळच्या अक्षांशावर 1 रेखांश म्हणजे सुमारे 104.4 किलोमीटर. पूर्वेकडे ताशी 52.2 किलोमीटर वेगाने वाहणारा वारा ताशी 0.5 अंश होतो. येथे भागाकार झाला. तापमान पूर्वेकडे दर किलोमीटरला 0.02 अंश सेल्सिअस वाढत असल्यास दर रेखांशाला 2.088 अंश वाढते; येथे गुणाकार झाला. दोहोंचा गुणाकार मात्र दोन्ही पद्धतींत ताशी 1.044 अंशच राहतो. वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या निरीक्षकाला जाणवणारी तापमानवाढ ती हीच. ती सहनिर्देशकांवर अवलंबून नसते.

क्षेत्रफळाचे द्विरूप जाकोबी निर्धारकाने गुणले जाते. म्हणूनच एक चौरस अंश येथे सुमारे 11,560 चौरस किलोमीटर भरतो, तर 60 अंश अक्षांशावर केवळ 6,200 च्या आसपास.

व्यावहारिक महत्त्व :
पैनगंगा नदी जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर 78 अंशांचे रेखावृत्त ओलांडते. पूररेषेच्या अभ्यासात दोन पट्ट्यांचे नकाशे रूपांतराविना जोडल्यास 2.1 अंशांचा दिशाभेद राहतो आणि 10 किलोमीटर लांबीच्या रेषेचे टोक सुमारे 365 मीटर बाजूला सरकते. विशेष म्हणजे सीमेवर दोन्ही पट्ट्यांचे प्रमाण समान असल्याने निर्धारक 1 येतो. शेताचे क्षेत्रफळ दोन्ही नकाशांवर सारखेच भरते आणि चूक लक्षात येत नाही.

निष्कर्ष :
क्षेत्रफळ जुळले म्हणजे दिशा जुळली, असे नाही. कोणती राशी सदिश, कोणती एकरूप व कोणती द्विरूप, हे ओळखूनच रूपांतर करणे आवश्यक ठरते.